संधीची वाट आणि संधीची तयारी

(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मुलाचा दाखला काढायला येणाऱ्या पालकांच्या तोंडी एक प्रश्न ठरलेला असतो : “सर, शिकून काय उपयोग? आपल्या पोराला नोकरी कोण देणार?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घरची ओढाताण खरी आहे. नाव ऐकून समोरच्याचा चेहरा बदलतो, हाही अनुभव पुष्कळांना आहे. शिक्षणात आणि नोकऱ्यांत आपला समाज किती मागे आहे, हे २००६ साली सच्चर समितीने आकडेवारीनिशी सरकारपुढे मांडले. तेव्हा सारा दोष आपल्या मनाचाच, असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की दार केव्हा उघडेल हे आपल्या हाती नसते. पण ते उघडेल त्या दिवशी आत जाण्याची आपली तयारी असेल की नाही, हे पुष्कळसे आपल्या हाती असते.

याचा दाखला आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यातच आहे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पकडलेल्या काँग्रेसच्या पुढाऱ्यांना इंग्रज सरकारने या किल्ल्यात आणून ठेवले. त्यांत काँग्रेसचे त्या वेळचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद होते. सुटका केव्हा होईल, कोणालाच ठाऊक नव्हते. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यास मौलानांच्या पत्नीचे निधन झाले; शेवटची भेटही झाली नाही. अशा स्थितीत त्यांनी एका स्नेह्याला उद्देशून पत्रे लिहिली. ती टपालात पडणार नव्हती, तरी लिहिली. हीच पत्रे १९४६ साली ‘गुबारे खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली आणि उर्दू गद्यात त्यांना मानाचे स्थान मिळाले. पंडित नेहरूंनीही १९४४ साली एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत याच किल्ल्यात ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. आवारातली जमीन दगडगोट्यांची होती. ती खणून या मंडळींनी तेथे फुलांचे वाफे केले. तुरुंगवास ही आपत्तीच होती. पण हाती आलेले तास त्यांनी वाया जाऊ दिले नाहीत. आणि मुलांनो, मौलाना रीतसर शाळेत कधी गेले नव्हते, घरीच शिकले. तेच १९४७ साली स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले.

कोणी म्हणेल, ती थोर माणसे, आपले काय? तर मग आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानकडे पाहा. इंजिनिअरिंगचे शिक्षण सोडून हा मुलगा क्रिकेटसाठी मुंबईला गेला. प्रथम श्रेणीचे क्रिकेट त्याला सुरू करावे लागले ते मात्र बडोद्याच्या संघातून. २००० साली तो भारताकडून खेळला. पुढे संघातली जागा गेली. तेव्हा २००६ मध्ये तो इंग्लंडमध्ये वुस्टरशायर या कौंटीकडून खेळला, एका हंगामात ७८ बळी घेतले आणि त्याच वर्षी भारतीय संघात परतला. २०११ च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले. बडोदा काय किंवा वुस्टरशायर काय, मिळेल ते मैदान त्याने कमी लेखले नाही. शिक्षण सोडा, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. तो घरी बसून बोलावण्याची वाट पाहत राहिला नाही, हे त्यातून घ्यायचे.

आता आपल्या घराकडे येऊ. दहावीनंतर मुलगा गॅरेजवर जातो, यात कमीपणा काहीच नाही. पण तेच काम आय.टी.आय.मध्ये शिकला तर हाती प्रमाणपत्र येते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने कारखान्यात काम शिकताना विद्यावेतनही मिळते. मुलगी नववीतून घरी बसली असेल, तर १७ नंबरचा अर्ज भरून तिला बाहेरून दहावीला बसता येते. बारावी झालेल्यांना नोकरी, संसार सांभाळून पदवी घेण्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. ही दारे आजही उघडी आहेत. पण अर्जाची मुदत टळून गेल्यावर आपण चौकशीला जातो, आणि मग नशिबाला बोल लावतो.

पालकांना माझी विनंती आहे. मुलाचा दाखला काढण्यापूर्वी एकदा शिक्षकांना भेटा, आणि “काय उपयोग?” याऐवजी “यापुढे काय करता येईल?” असे विचारा. पहिल्या प्रश्नाने बोलणे तेथेच संपते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्हा शिक्षकांनाही तुमच्याबरोबर बसावे लागते, आणि ते आमचे कामच आहे. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही रोज एक तास अभ्यासाचा असा ठेवा, की जो दुकान, शेत, मोबाइल कशालाही द्यायचा नाही. वर्षाचे ते ३६५ तास होतात. त्यांचा हिशेब पुढच्या मेळाव्यात मी अवश्य विचारीन.