यंदाचे फटाके एकत्र आणू, एकत्र उडवू

(कोजागरीच्या रात्री सोसायटीच्या गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिका समितीने मागितला म्हणून थोडा नीटनेटका करून दिला आहे.)

अध्यक्ष, सेक्रेटरी साहेब, सर्व विंगमधले काका-काकू, दादा-वहिनी आणि दुधाच्या पातेल्याभोवती घुटमळणारी बच्चेकंपनी,

आजच्या सभेपुढे फटाक्यांबद्दल दोन अर्ज आहेत. एकात म्हटलंय, कंपाउंडमध्ये फटाके पूर्ण बंद करा. दुसऱ्यात म्हटलंय, पंचवीस वर्षं चाललंय तसंच चालू द्या. रिफायनरीच्या फायर अँड सेफ्टी खात्यात माझी एकतीस वर्षं गेली, म्हणून कमिटीने मला बोलायला उभं केलं. मला स्वतःला दोन्ही अर्ज पटलेले नाहीत. का ते सांगतो.

आधी आपण राहतो कुठे ते बघा. माहुलच्या बाजूला पहिली रिफायनरी १९५४ साली आली, दुसरी १९५५ साली. पाठोपाठ वीज केंद्र, मग खताचा कारखाना. आमच्या कंपनीच्या गेटवर माचिस आणि लायटर जमा केल्याशिवाय साहेबालाही आत सोडत नसत. ड्युटी संपली की तोच माणूस माचिस परत घेऊन घरी यायचा आणि दिवाळीत भिंतीपलीकडून बाण सोडायचा! बाणाला पत्ता सांगता येत नाही. बाटली कलंडली की तो दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत जातो, वाळत घातलेल्या कपड्यांत जातो, नाहीतर माहुल रोडला रांगेत उभ्या असलेल्या टँकरांकडे जातो. ऑगस्ट २०१८ मधली ती दुपार आठवा, जेव्हा आपल्या खिडक्या थडथडल्या आणि सगळी बिल्डिंग चपला न घालता खाली उतरली. दुसऱ्या उपनगरात बाणाबद्दल काय ठरवायचं ते तिथले लोक ठरवतील. माहुलमध्ये बाण नको, यावर मी वाद घालणार नाही.

तीच गोष्ट आकाशात सोडायच्या कागदी कंदिलांची. आपला दारातला आकाशकंदील वेगळा, हा पेटता उडवायचा. मुंबई पोलीस त्याच्यावर वेळोवेळी बंदीचे आदेश काढतात. थायलंडात चियांग माई शहरात नोव्हेंबरच्या पौर्णिमेला असे हजारो कंदील सोडतात. दिसतं फार सुंदर, पण त्या रात्री तिथल्या विमानतळावरची विमानं रद्द करावी लागतात किंवा वेळा बदलाव्या लागतात. तो खाली कुठे पडेल ते सोडणाऱ्याला कळत नाही. आपल्याकडे खाली काय काय आहे ते मी आत्ताच सांगितलं.

आता दुसरा अर्ज. त्यात एक वाक्य आहे, ते मी मुद्दाम वाचून दाखवतो: “कंपन्या वर्षाचे ३६५ दिवस धूर सोडतात, आमच्या पोरांनी चार दिवस फटाके उडवले तर काय बिघडलं?” ज्यांनी लिहिलंय त्यांचा राग मला समजतो. माहुल-आंबापाड्याच्या रहिवाशांनी याच हवेसाठी हरित लवादात वर्षानुवर्षं केस लढवली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये लवादाने चार कंपन्यांना मिळून २८६ कोटी रुपये भरायला सांगितले. ती लढाई कशावर उभी होती? या हवेत आणखी काही घालायला जागा उरलेली नाही, या म्हणण्यावर. मग आपणच त्यात भर घालायची आणि कंपन्यांकडे बोट दाखवायचं, हे कसं जमेल?

तळमजल्यावरच्या काकूंना दमा आहे. गेली सहा वर्षं त्या वसुबारसेला बॅग भरतात आणि पनवेलला मुलीकडे जातात, ते भाऊबीज झाल्यावर परत येतात. सोसायटी रजिस्टर झाली तेव्हाच्या पहिल्या सभासदांपैकी त्या एक. दिवाळीत त्यांच्या दाराला कुलूप असतं, आणि बरोब्बर त्याच दारासमोर पोरं नागगोळ्या पेटवतात, कारण तिथे फरशी सपाट आहे.

नागगोळीवरून आठवलं. आपण समजतो की आवाज मोठा म्हणजे फटाका वाईट. सुतळी बॉम्ब पोरांच्या हातून काढून घेतो आणि “घे, ही फुलबाजी उडव” म्हणतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने पुणे विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांबरोबर २०१६ च्या सुमाराला धुराची मोजणी केली. अतिसूक्ष्म धूलिकण, ज्याला पीएम २.५ म्हणतात, ते सगळ्यात जास्त कशात निघाले? नागगोळीत. घनमीटरमागे ६४,५०० मायक्रोग्रॅम. हजाराच्या माळेत ३८,५४०, फुलबाजीत १०,३९०, भुईचक्रात ९,४९० आणि भुईनळ्यात ४,८६०. आपल्या देशात चोवीस तासांची सरासरी मर्यादा ६० आहे. म्हणजे जो फटाका आपण चार वर्षांच्या पोराच्या हातात देतो, आणि पोर वाकून नाक खाली घालून बघतं, तोच सगळ्यात घाण. नागगोळी तर माझ्या मते दिसायलाही ओंगळ. फरशीवरचा काळा डाग पुढच्या पावसाळ्यापर्यंत जात नाही, हे आपल्या झाडूवाल्या मावशींना विचारा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके बंद, हा सुप्रीम कोर्टाचा आदेश जुलै २००५ चा. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात दिवाळीला रात्री आठ ते दहा ही वेळ ठरली, माळांवर आणि बेरियमवर बंदी आली, ऑनलाइन विक्री बंद झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईची हवा बिघडली तेव्हा मुंबई हायकोर्टानेही आधी सात ते दहा आणि मग आठ ते दहा अशी वेळ आखून दिली. आवाजाची मर्यादा फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबल. ही मोजणी कुठे होते माहीत आहे? प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आवाज फाउंडेशन यांनी बाजारातले फटाके फोडून मोजले ते आपल्या चेंबूरच्या आरसीएफ मैदानावर.

आता माझं दुःख सांगतो. आठ ते दहा या वेळेत आपली पहाट गेली. उटणं लावून, थंडीत कुडकुडत, कारिट फोडून आंघोळ झाली की पहिला फटाका कोणाचा, यावर चाळीत शर्यत लागायची. आम्ही चार वाजता उठायचो ते आंघोळीसाठी नव्हे, लवंगीच्या माळेसाठी! ज्यांच्याकडे माळ विकत घ्यायला पैसे कमी, ते ती सोडवून एकेक लवंगी वेगळी करून दिवसभर पुरवायचे. आजच्या पोरांना ती पहाट मिळणार नाही. नियम पाळायचा तर हे सोडावं लागतं, आणि ते सोपं आहे असं मी म्हणणार नाही.

पहिल्या अर्जात “फटाके ही आपली परंपराच नाही” असंही लिहिलंय. तेवढं मात्र खरं नाही. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातल्या दारूकामाचा इतिहास शोधून काढला आहे. एकनाथांच्या रुक्मिणी स्वयंवरात लग्नातल्या दारूकामाचं वर्णन येतं. पेशव्यांच्या बखरीत तर गंमतच आहे. कोट्याच्या राजाकडे दिवाळीत ‘दारूची लंका’ करतात, रावण, राक्षस, वानर, हनुमान सगळे दारूचे, आणि शेवटी लंका पेटते, असं महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना सांगितलं. पेशव्यांनी हुकूम सोडला की आम्हालाही दाखवा. मग पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी तसा बेत केला. म्हणजे दारूकाम होतं, पण एका ठिकाणी, जाणकाराच्या हातून, आणि सगळ्या गावाने लांबून बघायचं. घरोघरी पिशवी भरून आणायची पद्धत त्या मानाने अलीकडची.

मला तेच सुचवायचं आहे. २०१८ च्या निकालातही अशा सामुदायिक जागा ठरवता येतील का ते बघायला सांगितलं होतं. प्रत्येक घराने तीनशे रुपये द्यायचे. खरेदी एकदाच, परवानाधारक दुकानातून, पक्क्या बिलावर. खोक्यावर नीरीचा शिक्का आणि क्यूआर कोड बघायचा, तो मोबाइलवर तपासायचा. नीरी म्हणजे नागपूरची संस्था, हरित फटाके त्यांनीच तयार केले. त्यात बेरियम नसतं आणि धूलिकण तीसेक टक्के कमी. लक्षात घ्या, तीस टक्के कमी म्हणजे सत्तर टक्के आहेतच. म्हणून फक्त भुईनळे आणि थोडी भुईचक्रं घ्यायची. नागगोळी, माळ, बाण, सुतळी बॉम्ब नाही.

आणखी एक. महंमद अली रोडवरून स्वस्तात घेऊन मशीद स्टेशनला हार्बरची लोकल पकडायची नाही. रेल्वेतून फटाके नेणं हा कलम १६४ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गर्दीच्या डब्यात एक बिडी पुरे आहे. खरेदीला टेम्पो सांगू, त्याचे पैसे मी देतो.

जागा मागच्या गेटजवळची, जिथून गॅसची पाइपलाइन लांब आहे. त्या दोन तासांत तिथल्या गाड्या हलवायच्या. दोन बादल्या पाणी, दोन वाळू. पेटवणार चार मोठी माणसं, सुती कपडे घालून, लांब उदबत्तीने. न फुटलेल्याजवळ परत जायचं नाही, लांबून पाणी ओतायचं. भाजलंच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फ नाही. डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही. जास्त भाजलं तर ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर, त्याचा नंबर मी नोटीस बोर्डावर लावला आहे.

वाढदिवसाच्या केकवर लावतात ती कारंजासारखी मेणबत्तीसुद्धा मला हॉलमध्ये नको आहे. ८ डिसेंबर २०२३ ला पिंपरी-चिंचवडच्या तळवड्यात अशा मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागली, आणि गेल्या त्या बहुतेक कामगार बायका होत्या. ती विकत घेताना मला ते आठवतं, तुम्हालाही आठवावं.

काल काकू जिन्यात भेटल्या. मी विचारलं, यंदा बॅग कधी भरणार? म्हणाल्या, “आधी तुमची मीटिंग होऊ दे.”

तर मतदान दूध पिऊन झाल्यावर, हात वर करून, एका घराचं एक मत. ठराव झाला तर वर्गणीची वही वॉचमनच्या केबिनमध्ये असेल. ज्यांच्याकडे गेल्या वर्षीचे बाण उरले आहेत त्यांनी ते घरात माळ्यावर ठेवू नयेत, माझ्याकडे आणून द्यावेत. मी भिजवून टाकीन, आणि कोणी आणले ते कोणालाही सांगणार नाही.