फुग्यांमागचे हात



प्रमुख पाहुणे उठले की मागच्या रांगा चुळबुळ करू लागतात, आणि पडद्यामागे तारपा नाचाची मंडळी तयार उभी आहे. तेव्हा उपदेशाला सुट्टी. आज फक्त दोन फोटोग्राफर आणि एका चित्रकाराची गोष्ट.

सुधारक ओलवे. जन्म १९६६, अकोला. १९८८च्या सुमारास ते मुंबईत वर्तमानपत्रांसाठी फोटो काढू लागले. हे काम धावपळीचं. सकाळी मोर्चा, दुपारी अपघात, संध्याकाळी पुढाऱ्याचा हार. फोटो द्यायचा आणि पुढे पळायचं. दुसऱ्या दिवशी त्याच कागदात वडापाव बांधला जातो.

ओलवे एका ठिकाणी मात्र थांबले. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांपाशी. सुमारे ३० हजार माणसं, बहुतेक दलित, आणि सगळं शहर त्यांच्याकडे पाठ फिरवून चालणारं. त्या कृष्णधवल फोटोंत गाळाने माखलेला माणूस मॅनहोलमधून वर येताना दिसतो. असा फोटो जाता जाता मिळत नाही. हजेरी कुठे लागते, पाळी कधी सुटते, हे माहीत हवं. शिवाय त्या माणसाने आपल्याला इतकं जवळ येऊ द्यायला हवं. या कामाला २००५ साली नॅशनल जिओग्राफिकचा पुरस्कार मिळाला, २०१६ साली ओलव्यांना पद्मश्री.

त्यांच्या आधी सुनील जाना होते. कोलकात्यात इंग्रजी साहित्य शिकत होते, फोटोग्राफी नुसता छंद. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला, कम्युनिस्ट नेते पी. सी. जोशी त्यांना सोबत घेऊन गेले आणि ते शिक्षण सुटलं ते सुटलंच. पुढे देशभरच्या आदिवासींमध्ये ते कॅमेरा घेऊन हिंडले. (पालकांनी घाबरू नये, कॉलेज सोडा असं कुणी सांगत नाहीये.)

आणि असं जवळून बघण्याचं काम कॅमेऱ्याशिवायही होतं. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे जन्मले तलासरी तालुक्यातल्या धामणगावात, राहिले डहाणूतल्या गंजाडला. लहानपणी आई गेली, तेव्हा ते कित्येक वर्षं बोलेनासे झाले; सांगायचं ते धुळीत रेघा ओढून सांगत. त्यांच्या चित्रातलं मासेमारीचं जाळं बघा: एकेक बारीक रेघ. जाळं रोज पाहणाऱ्याचीच ती रेघ.

आपल्या डहाणूच्या महालक्ष्मीच्या जत्रेत शहरातून कॅमेरेवाले येतात. तारपावाल्याचा फोटो निघतो, खाली छापून येतं ‘आदिवासी वादक’. नाव विचारायला त्यांना वेळ नसतो. संध्याकाळची गाडी पकडायची असते. ओलव्यांना जिथे पोचायला वर्षं लागली तशा जागी तुम्ही विद्यार्थी जन्मापासून आहात. घोलवडच्या चिकूवाडीत, बोटीवर, पहाटेच्या डहाणू लोकलमध्ये तुमच्याच घरची माणसं असतात. हातातला मोबाइल एवढ्या कामाला पुरे.

या मंडपाला फुगे लावलेत. डहाणूत फुग्यांचे कारखाने आहेत, हे इथे सांगायला नको. लॅटेक्समध्ये साचे बुडवतात, वाळवतात, मग फुगा सोलून काढतात. मघापासून या फुग्यांसमोर किती सेल्फी निघाल्या! साच्यावरून फुगा सोलणाऱ्या बाईचा फोटो कुणाच्या मोबाइलमध्ये आहे? तुमच्यापैकी एखाद्याची ती आई असेल. पुढच्या स्नेहसंमेलनात प्रवेशद्वारापाशी तिचा फोटो लागावा, खाली तिचं पूर्ण नाव लिहून.

चला, तारपा वाजू द्या.