घरच्या घरीं कातलेला पोळपाट

तुमसर हें भंडारा जिल्ह्यांतील धानाच्या बाजारपेठेचें गांव. भाताच्या मुलखांतून पोळपाटाविषयीं बोलणें म्हणजे कोंकणांत बसून ज्वारीची स्तुति करण्यासारखें, असें श्रोत्यांपैकीं कोणी विनोदानें म्हणेल. परंतु सणावारीं पोळी येथेंही लाटली जातेच. आणि पोळपाट डगमगूं लागला म्हणजे गृहिणीचा रोष येथेंही तेवढाच तीव्र असतो.

हल्लीं विजेवर चालणारीं लहान लेथयंत्रें हौशी गृहस्थांच्या पडवींत येऊं लागलीं आहेत. कातारी, ज्याला हिंदींत खरादी म्हणतात, पिढ्यानुपिढ्या जें काम करीत आला, तें आतां घरीं होऊं शकतें. चूक होते ती एवढीच, कीं यंत्र येतें त्याच दिवशीं लांकूड चढविण्याची घाई होते.

ओलें लांकूड सुकतांना सर्व बाजूंनीं सारखें आकसत नाहीं. वार्षिक वलयांच्या अंगानें तें जितकें आकसतें, त्याच्या सुमारें निम्मेंच गाभ्याकडून सालीकडे आकसतें. लांबींत तर नाममात्रच. म्हणून ओल्या फळीचा अगदीं गोल कातलेला पोळपाट कांहीं महिन्यांत लंबवर्तुळ होतो व बांक धरतो. जाडीच्या दर इंचास एक वर्ष वाळवण, असा ढोबळ आडाखा आहे. फळी सावलींत, वारा खेळेल अशी ठेवावी. टोकांना मेण लावावें, नाहींतर तेथूनच ती तडकते.

साग, शिसव, बाभूळ चालेल. बिजा मात्र टाळावा. त्याच्या पेल्यांत ठेवलेलें पाणी रंगतें हें पुष्कळांस ठाऊक आहे. मग कणकेच्या ओलाव्यानें दुसरें काय होणार?

दहा इंच व्यासाची फळी मिनिटास 600 फेरे घेऊं लागली कीं तिची कड सेकंदास सुमारें 26 फूट धांवते. आंत चीर लपलेली असेल तर तुकडा गोफणीच्या धोंड्यासारखा सुटतो. म्हणून उपरणें, सैल बाही, गळ्यांतील साखळी दूर ठेवावी. साध्या चष्म्यावर विसंबूं नये, सबंध चेहरा झांकावा. फळी प्रथम हातानें फिरवून ती हत्याराच्या टेकूस घांसत नाहीं हें पाहावें, मगच बटण दाबावें. यंत्राच्या तबकडीस फळी ज्या स्क्रूंनीं बसविली त्यांचीं भोकें तळाशीं राहतात; त्यांवरच पाय बसवावे. पाय तीनच हवेत, कारण उंचसखल ओट्यावरही तीन पाय डगमगत नाहींत.

भंडाऱ्याकडे उभ्या धानाच्या बांधींत जवस पेरतात. त्याचें तेल पोळपाटास उत्तम, कारण तें हवेनें घट्ट होतें. रंगकामाचें उकळलेलें तेल मात्र घेऊं नये. त्यांत धातूंचे क्षार मिसळलेले असतात. तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यांत टाकला तर तो आपोआप तापून पेट घेऊं शकतो; तो अंगणांत दोरीवर पसरून वाळवावा. पोळपाट दोन-तीन आठवडे भिंतीशीं उभा राहूं द्यावा. स्वयंपाकघरांतून “अजून किती दिवस?” अशी पृच्छा होईलच, तोंवर पोळ्या जुन्या पोळपाटावरच लाटाव्या.