आईबापांची आज्ञा आणि ईमान



मोमिनपुऱ्यात किंवा कोंढव्यात राहणाऱ्या एखाद्या मुसलमान तरुणाला आपण विचारले, की तुझ्या धर्मात अल्लाच्या खालोखाल मान कोणाचा, तर तो न अडखळता आईबापांचे नाव घेईल. ते खरेच आहे. कुराणाच्या सतराव्या सूरेत एका अल्लाचीच भक्ती करावी या आज्ञेला लागूनच आईबापांशी नीट वागण्याची आज्ञा येते. ती थकली म्हणजे त्यांच्यापुढे त्रासून ‘उफ्’देखील करू नये, इथपर्यंत ती जाते. पंचाईत होते ती या दोन आज्ञा एकमेकींच्या आड आल्या म्हणजे.

उदाहरण लांबचे नको. मुलाचे लग्न ठरते. धर्माप्रमाणे नवऱ्यानेच बायकोला मेहेर द्यावयाचा असतो. पण घरची मंडळी मुलीच्या बापाकडून हुंडा मागतात. मुलगा म्हणतो, हे आपल्या धर्मात बसत नाही. अब्बा म्हणतात, बापापुढे तोंड वर करून बोलणे कोणत्या धर्मात बसते? आता या मुलाने काय करावे?

कुराणातील लुकमान नावाच्या सूरेने याचे उत्तर दिले आहे, आणि ते मोठे मार्मिक आहे. अल्लाबरोबर आणखी कोणाची भक्ती करण्याचा आग्रह आईबापांनी धरला, तर ते ऐकू नये. परंतु या जगात त्यांची सोबत मात्र चांगुलपणाने करावी. म्हणजे हुकूम मोडता येतो, सेवा मोडता येत नाही. धर्मशास्त्र्यांनी यावरून असे ठरविले, की पापाच्या कामात कोणाचीच आज्ञा बंधनकारक नाही. मात्र आमच्या घरांत या वचनाची वाटणी झालेली दिसते. तरुणांना पहिला अर्धा भाग पाठ असतो आणि वडीलधाऱ्यांना दुसरा!

हे वचन ज्यांच्या प्रसंगाशी जोडले जाते ते साद बिन अबी वक्कास ऐन तारुण्यात मुसलमान झाले. तेव्हा त्यांच्या आईने, हा नवा धर्म टाकशील तरच अन्नपाणी घेईन, असा हट्ट धरला. सादनी धर्म सोडला नाही, आणि आईलाही सोडले नाही. जेवण्यासाठी तिची मनधरणी केली, असे परंपरा सांगते. इब्राहिमांची गोष्ट याहून कठीण. बाप मूर्तिपूजक, दगडांनी मारीन, चालता हो, म्हणणारा. त्याच्याशी बोलताना मुलगा पुन्हा पुन्हा ‘बाबा’ अशीच हाक मारतो, आणि निघताना त्याला सलाम करतो. आपल्याकडे विठोबाला विटेवर थांबवून आईबापांचे पाय चेपणारा पुंडलिक घरोघर ठाऊक आहे. पुंडलिकाचे बरे होते. त्याचा देव थांबायला तयार होता, आणि त्याच्या आईबापांचे देवाशी भांडण नव्हते.

मुलींची गोष्ट निराळी सांगितली पाहिजे, कारण आज्ञेचा भार त्यांच्यावर अधिक पडतो. खन्सा बिंत खिदाम या स्त्रीचे लग्न बापाने तिच्या मनाविरुद्ध लावले. तिने थेट पैगंबरसाहेबांकडे गाऱ्हाणे नेले, आणि त्यांनी ते लग्न रद्द ठरविले. हनफी मताप्रमाणे वयात आलेल्या मुलीचा निकाह तिच्या संमतीवाचून होत नाही. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. त्यांच्या जुन्या ग्रंथांनी कुमारिकेच्या बापाला अधिक अधिकार दिला आहे, हेही लपवून चालणार नाही. तरीही खन्साची गोष्ट किती मुलींच्या कानावर घातली जाते? बापाच्या आज्ञेची मात्र दररोज घातली जाते.

उलटही घडते. मुलगा चार पुस्तके वाचून कट्टर होतो आणि दर्ग्याला चादर वाहणाऱ्या आपल्या आईला धर्म शिकवू लागतो. माझ्या मते त्याने इब्राहिमांचा विरोध उचलला, पण त्यांची भाषा उचलली नाही. शेजाऱ्यांसमोर आईला अडाणी ठरविण्याची परवानगी लुकमानच्या सूरेत कोठेही नाही. पैगंबरसाहेबांच्या मेहुणीची, अस्मांची आई मूर्तिपूजकच होती. ती भेटीला आली तेव्हा तिच्याशी नाते राखावे की नाही, असे अस्मांनी विचारले. राख, असे उत्तर मिळाले.

आणि मुलाची श्रद्धाच ढिली झाली, आईबाप मात्र नमाजी राहिले, तर? सूरा या प्रसंगाबद्दल बोलत नाही. त्यासाठी आपल्या पुण्यातच यावे लागते. मुलींच्या शाळेपायी 1849 मध्ये गोविंदराव फुल्यांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. तेव्हा त्यांना आसरा दिला तो उस्मान शेख यांनी, असे सांगतात. बापाने काढलेल्या हिंदू मुलाला मुसलमानाच्या घरी जागा मिळाली! त्याच जोतीरावांनी आयुष्याच्या शेवटी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहिताना एक कुटुंब कल्पिले. त्यात आई बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध होते, बाप बायबल वाचून ख्रिस्ती होतो, मुलगी कुराण वाचून महंमदी होते, मुलगा सत्यधर्मी होतो. आणि चौघेही एकमेकांचा हेवा न करता एकाच घरात राहतात. ते पुस्तक 1891 मध्ये, जोतीराव गेल्यानंतर छापले गेले. त्या घरात मुलीने कुराण हाती घेतले तेव्हा तिने आईबापांची परवानगी मागितली होती का, ते जोतीरावांनी लिहिलेले नाही. त्यांना ती गरजेची वाटली नसावी.