मेळघाटची भाषा आणि शिक्षकाचे कार्य



मराठी गद्याचा आद्य ग्रंथ ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकाच्या अखेरीस अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे सिद्ध झाला, हे वऱ्हाडातील शिक्षकांस सांगावयास नको. तो कसा सिद्ध झाला, याचा विचार मात्र क्वचितच होतो. श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्या स्मरणात होत्या, त्यांच्याकडे म्हाइंभट स्वतः गेले. त्या ऐकल्या, पडताळल्या आणि ज्याच्या त्याच्या बोलण्यासह लिहून ठेविल्या. विद्वानांची भाषा संस्कृत असता लोकांच्या बोलीला ग्रंथाची योग्यता लाभली, ती अशा परिश्रमाने.

आज त्याच जिल्ह्याच्या उत्तरेस, धारणी व चिखलदरा तालुक्यांत, आणि अकोला जिल्ह्यात अकोट व तेल्हाऱ्याच्या डोंगरालगतच्या गावांत, कोरकू भाषेला अशाच परिश्रमाची गरज आहे. २०११ च्या जनगणनेत कोरकू भाषकांची संख्या देशात सव्वासात लाखांहून अधिक होती. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या निहालीचे भाषक तर दोन-अडीच हजारच उरले आहेत. आणि तिचे नाते जगातील कोणत्याही भाषाकुळाशी निश्चितपणे जुळलेले नाही. ती मावळली तर तिची जागा घेणारी सख्खी बहीणही नाही.

कोरकू ही मराठीची बिघडलेली बोली आहे, असा समज कित्येकांचा असतो. तो निराधार होय. संताळी व मुंडारी यांच्या कुळातील ही स्वतंत्र भाषा आहे. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. यांवरूनच ‘कोरकू’ हे नाव आले. दोघांविषयी बोलावयाचे असल्यास तीत निराळे द्विवचन आहे. जे मराठीत नाही व संस्कृतात आहे, ते मेळघाटातील सहा वर्षांचे मूल घरून शिकून येते. त्या मुलास वर्गात ‘भाषा येत नाही’ म्हणून मुके ठरविणे, हा केवढा अन्याय! १९५६ साली घटनेत समाविष्ट झालेल्या कलम ३५० अ ने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे सांगितले आहे. परंतु त्या भाषेतील गोष्टी, गाणी व शब्द हाताशी नसतील, तर शिक्षकाने वर्गात काय वापरावे?

जॉन ड्रेक यांचे कोरकू व्याकरण १९०३ साली प्रसिद्ध झाले, आणि ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०६ च्या चौथ्या खंडात कोरकूला स्थान मिळाले. हे कार्य मोलाचे खरे. पण कागदावर आवाज उमटत नाही. कोरकूत स्वराच्या उच्चनीचपणाने काही शब्दांचा अर्थ पालटतो, आणि तो भेद देवनागरीच्या नेहमीच्या लेखनात दाखविता येत नाही. ध्वनिमुद्रण ही उणीव भरून काढते. शिवाय भाषांतर करणारी संगणकयंत्रणा पुष्कळशा वाक्यांवरून व आवाजांवरूनच शिकते. केंद्र सरकारच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ साली ‘आदि वाणी’ ही भाषांतरयंत्रणा सुरू केली, तेव्हा प्रारंभीच्या भाषा संताळी, भिली, मुंडारी व गोंडी या होत्या. जिचा साठा नाही, ती भाषा यंत्रापुढेही मुकीच राहते.

हा साठा करण्याचे साधन आता शिक्षकाच्या खिशातच असते. गावातील वृद्धांकडून एखादी गोष्ट, पेरणीची माहिती, झाडापाल्यांची नावे मोबाइलवर मुद्रित करावी. मात्र काही पथ्ये पाळावी. सांगणाऱ्याची संमती आधी घ्यावी. जे पूजाविधीचे आहे ते परक्यांस ऐकवू नये, असे त्याने म्हटल्यास तो शब्द अखेरचा मानावा. मुद्रणाच्या आरंभीच गाव, तारीख, भाषा व विषय बोलून ठेवावे; चिठ्ठी नसलेले मुद्रण म्हणजे नाव नसलेले बियाणे. मूळ मुद्रण जसेच्या तसे जपावे, कारण व्हॉट्सअॅपवरून पाठविलेल्या प्रतीत आवाजाची प्रत उतरू शकते. निदान तीन प्रती ठेवाव्या, व त्यांतील एक शाळेबाहेर असावी. कोरकू वाक्य देवनागरीत युनिकोडमध्ये टंकून त्याखाली मराठी अर्थ द्यावा. हे काम कोरकू जाणणाऱ्या पालकांस जवळ बसवूनच करावे.

एवढे करूनही एक गोष्ट विसरता कामा नये. संग्रहाने भाषा जपली जाते, पण जगत नाही. ती जगते मुलांच्या तोंडी. कपाटात बंद झालेले ध्वनिमुद्रण आणि वर्गात ‘कोरकू बोलू नको’ ही ताकीद, या दोन्ही गोष्टी एकाच शाळेत असतील, तर तो संग्रह व्यर्थ होय. म्हणून आजीची गोष्ट मुद्रित झाली की ती पहिलीच्या वर्गात ऐकवावी, मुलांना तिच्यावर त्यांच्याच भाषेत बोलू द्यावे, आणि तेथून मराठीकडे वाट काढावी. मराठी तर मुलांना शिकवावयाचीच आहे. ती त्यांच्या भाषेच्या खांद्यावर हात ठेवून शिकवावी, तिला ढकलून नव्हे.