रस्त्यातच होईल ट्रकचं वजन

आम्ही खापरखेड्याच्या बचत गटातल्या बाया बोलतोय.

आपल्याकडे १३४० मेगावॅटचं वीज केंद्र आहे, आजूबाजूला कोळशाच्या खाणी आहेत. कोळशाचे आणि राखेचे ट्रक आपल्या दारावरूनच जातात. रस्ता उखडतो, धूळ घरात येते, लेकरं शाळेतून परत येईपर्यंत जिवाला घोर असतो. ट्रक नकोत असं आम्ही म्हणत नाही, कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते. पण ट्रकात माल किती भरलाय, ते पाहायला नको का?

अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात खास रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवून पाहिले. त्यातून कळलं, एका एक्सलवरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज जवळपास सोळा पट होते.

नेहमीच्या काट्यावर ट्रक थांबवावा लागतो, आणि प्रत्येक ट्रक थांबवणं काही जमत नाही. त्यावर एक उपाय आहे, ऑप्टिकल फायबर. इंटरनेटसाठी गावात येतो तोच काचेचा धागा, केसासारखा बारीक. तो पट्टीत बसवून रस्त्यात आडवा पुरतात आणि त्यातून उजेड सोडतात. पाण्याच्या नळीवर पाय पडला की धार कमी होते ना? तसंच चाक वरून गेलं की धाग्यातला उजेड बदलतो. किती बदलला, त्यावरून यंत्र चालत्या ट्रकचं वजन काढतं. धाग्यात वीज नसते, म्हणून विजेच्या मोठ्या तारांजवळही त्याचं काम बिघडत नाही.

चालता ट्रक हादरतो, त्यामुळे वजनात थोडा फरक पडतो. म्हणून ज्या ट्रकचा संशय येईल, तेवढाच बाजूला घेऊन काट्यावर तोलायचा.

दहा चाकी ट्रकला गाडीसकट २८.५ टनांची मर्यादा आहे. जादा वजनाला २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. म्हणजे चार टन जादा असले तर २८,००० रुपये. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. आणि दोष एकट्या ड्रायव्हरचा नाही. अशी गाडी चालवायला लावणाराही कायद्यानं तेवढाच जबाबदार आहे.

तेव्हा येत्या ग्रामसभेत आपण सगळ्या जणी ठराव मांडू: आपल्या रस्त्यावर असा काटा बसवा आणि त्याच्या नोंदी गावाला दाखवा. धान्य तोलून घेतो, तसा रस्त्यावरचा भारही तोलूनच जाऊ द्या.