ऑथेल्लोचे प्रेम खरे होते काय?



शेक्सपिअरचा ‘ऑथेल्लो’ देवलांनी १८९० साली ‘झुंजारराव’ या रूपाने मराठीत आणला. विद्यार्थी विचारतात, ज्याने पत्नीचा गळा दाबला, त्याचे तिच्यावर प्रेम होते काय?

होते, असे मी म्हणेन; पण ते अपुरे होते. आपल्या संकटांची हकिगत ऐकून डेस्डेमोना कळवळली, म्हणून तो तिच्यावर भाळला. तिच्या डोळ्यांत त्याला स्वतःचाच पराक्रम दिसला. तिचे मन त्याने जाणलेच नाही. म्हणून इयागोचे शब्द व एक हातरुमाल एवढा पुरावा त्याला पुरला! एमिलियाने तिच्या शीलाची ग्वाही दिली, ती मात्र पटली नाही.

ऑथेल्लो नाटकात ख्रिस्ती आहे, तरी आपणांस सूरह नूर आठवावी. पतीने आळ घेतल्यास पत्नीलाही शपथेवर आपली बाजू मांडण्याचा हक्क तेथे दिला आहे. डेस्डेमोनाला तो कोठे मिळाला? कॅसिओवरून उघड आरोप झाला तो अखेरच्या रात्री. त्याला बोलावून विचारा, असे ती विनवते. मग एका प्रार्थनेपुरता अवधी मागते. ऑथेल्लो म्हणतो, आता उशीर झाला.